तुंगारेश्वरच्या पायथ्याशी पक्षिनिवास : धंदा होईल का?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसई फाट्यापासून शिरसाडपर्यंत गेले की जमिनीच्या जाहिरातींचे फलक दोन्ही बाजूंना लागतात. त्यांत अलीकडे नवी भाषा आली आहे. 'फॉरेस्ट टच प्लॉट', 'रिसॉर्टसाठी उत्तम', 'जंगलाला लागून'. नालासोपाऱ्यातील फर्निचरच्या धंद्यातील एका वाचकाने आम्हाला विचारले की, आयुष्यभराची कमाई घालून अशी जागा घ्यावी, चार खोल्या बांधाव्यात आणि पक्षी पाहायला येणाऱ्या लोकांसाठी निवास काढावा असा मुलाचा आग्रह आहे. यात तथ्य आहे का? प्रश्न एकट्याचा नाही. वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात चार पैसे गाठीला बांधलेले आपले अनेक व्यापारी बांधव जमिनीत पैसा घालण्याच्या विचारात असतात. म्हणून या धंद्याची थोडी खोलात जाऊन माहिती घ्यायचे आम्ही ठरवले.

प्रथम जंगलाविषयी. तुंगारेश्वर अभयारण्य २००३ मध्ये घोषित झाले. क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. दक्षिणेला कामणच्या पलीकडे नागल्याचे जंगल आणि खाडी ओलांडली की बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, अशी ही एकच साखळी आहे. धनेश, भृंगराज, हळद्या, स्वर्गीय नर्तक हे पक्षी कोकणातल्या अशा जंगलात असतात. उन्हाळा संपता संपता नवरंग येतो, पावसाच्या तोंडावर तिबोटी खंड्या. दुसऱ्या बाजूला समुद्र आहे. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या किनाऱ्यांवर थंडीत कुरव, सुरय, चिखल्या, तुतवार उतरतात आणि मिठागरांच्या पाण्यात रोहित दिसतात. एका सकाळी जंगल आणि त्याच दिवशी ओहोटीला किनारा, हे मुंबईच्या इतक्या जवळ फार थोड्या ठिकाणी साधते. माल चांगला आहे, यात शंका नाही.

गिऱ्हाईक कोण?

आपल्याकडे 'रिसॉर्ट' म्हटले की अर्नाळा-राजोडीकडचे पोहण्याचे तलाव, रेन डान्स, मोठ्या आवाजातली गाणी आणि दुपारचे बुफे जेवण डोळ्यांसमोर येते. त्या धंद्याचे गणित वेगळे आहे. तिथे माणसे बसगाड्यांनी येतात, दिवसभर पाण्यात खेळतात, संध्याकाळी जातात. पक्षी पाहणाऱ्याला यातले काही नको. त्याला पहाटे पाच वाजता गरम चहा हवा, उजाडायच्या आत जंगलाच्या वाटेवर पोहोचवणारी गाडी हवी, कोणता आवाज कोणाचा हे सांगणारा माणूस हवा आणि नऊ-दहाला परतल्यावर भरपेट नाश्ता हवा. खोली साधी चालते, पण स्वच्छ हवी आणि रात्री शांतता हवी. शेजारी लाउडस्पीकर लागला तर तो दुसऱ्यांदा येत नाही. दोन्ही प्रकारचे गिऱ्हाईक एकाच छपराखाली सांभाळू असे जो म्हणतो, त्याने दोन्ही धंदे बुडवायची तयारी ठेवावी.

या गिऱ्हाइकाची आणखी एक खोड लक्षात ठेवावी. तो यादी ठेवतो. आज बहुतेक जण मोबाईलवर 'ई-बर्ड' नावाच्या जागतिक नोंदवहीत कुठे, कधी, किती पक्षी दिसले ते लिहितात. नव्या ठिकाणी जायचे तर आधी ती नोंद पाहतात. तिथे तुमच्या परिसराची नोंद भरघोस असेल तर तीच तुमची जाहिरात.

दूर जंगलात बसलेल्यांचे उदाहरण

गोव्यात तांबडी सुर्लाच्या जुन्या महादेव मंदिराच्या वाटेवर मातकण येथे 'बॅकवूड्स कॅम्प' नावाचा तळ अनेक वर्षांपासून पक्षिनिरीक्षकांसाठी चालतो. भगवान महावीर अभयारण्य शेजारी आहे. तिथे नुसती खोली विकत नाहीत. मुक्काम, जेवण आणि पक्षी दाखवणारा माणूस असा एकत्रित सौदा असतो. युरोपातून गोव्याच्या किनाऱ्यावर आलेला पाहुणा दोन-तीन दिवस घाटाच्या पायथ्याशी येतो तो त्या माणसाच्या भरवशावर.

बेळगाव-पणजी मार्गावर चोर्ला घाटात 'वाइल्डरनेस्ट' आहे. त्याची कथा व्यापाऱ्याने ऐकावी अशी आहे. त्या डोंगरावरची जमीन खाणीसाठी जाण्याच्या बेतात होती. कॅप्टन नितीन धोंड यांनी ती खरेदी करून वाचवली आणि शेकडो एकर जंगल राखून त्याच्या छोट्याशा भागात निवास उभारला. झोपड्यांसाठी लाकूड वापरले तेही परदेशी अ‍ॅकेशियाचे, रानातल्या झाडांचे नाही. खाली म्हादई अभयारण्य पसरले आहे, जे १९९९ मध्ये घोषित झाले. खाणीचा पैसा एकदाच आला असता. पाहुण्यांचा पैसा थोडा थोडा पण दरवर्षी येतो. मात्र असा सौदा करायला खिशात भांडवल आणि पोटात धीर, दोन्ही लागते.

तिसरे उदाहरण सरकारी आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात दांडेलीजवळ गणेशगुडी येथे कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस संस्थेचे 'ओल्ड मॅगझिन हाऊस' आहे. सुपा धरण बांधताना सुरुंगाची दारू ठेवण्यासाठी ते कोठार होते. आज तिथे पक्ष्यांना आंघोळीसाठी उथळ पाण्याची कुंडी ठेवलेली आहेत आणि पाहुणे जवळ बसून फोटो काढतात. काही मोठा खर्च नाही. पाणी, सावली आणि गप्प बसायची शिस्त, एवढ्यावर ते ठिकाण देशभर माहीत झाले.

परदेशातलेही एक सांगतो. दक्षिण अमेरिकेत इक्वेडोर देशात आंखेल पास नावाचा एक शेतकरी झाडे तोडून गुजराण करीत असे. त्याच्या रानात एक अत्यंत लाजाळू, जमिनीवर फिरणारा पक्षी होता, जो पाहायला जगभरचे लोक तरसत. पासने रोज पहाटे गांडुळे टाकून त्या पक्ष्याला ओळखीचे केले, हाक मारली की तो येऊ लागला. साधारण २००५ पासून पाहुणे पैसे देऊन तो पक्षी पाहायला येऊ लागले आणि उरलेले रान तोडणे थांबले. भावांनी मिळून तोच व्यवसाय केला. पक्ष्याला खाऊ घालून सवय लावणे योग्य की अयोग्य यावर जाणकारांत वाद आहेत आणि आपल्याकडच्या अभयारण्यात तसे करू नये हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण ज्या माणसाला आपल्या रानातला एक पक्षी इतका नीट ठाऊक आहे, त्याला भांडवल कमी पडले तरी चालते, हे त्यातून दिसते.

वसईची अडचण : फार जवळ

ही सारी ठिकाणे आणि वसई यांत एक मोठा फरक आहे, आणि फलक लावणारे दलाल तो सांगत नाहीत. चोर्ला किंवा गणेशगुडीला गेलेला माणूस रात्री घरी परतू शकत नाही. त्याला मुक्काम करावाच लागतो. वसईत येणारा पक्षिनिरीक्षक दादर, मुलुंड, बोरिवलीचा. तो पहाटेची लोकल पकडतो किंवा स्वतःच्या गाडीने येतो, अकरापर्यंत फिरतो आणि दुपारच्या जेवणाला घरी असतो. त्याला तुमची खोली कशाला हवी? जवळ असणे दुकानाला वरदान, मुक्कामाच्या धंद्याला अडथळा.

मग विकायचे काय? आमच्या मते इथे सकाळ विकायची. स्टेशनवरून किंवा महामार्गावरून उचलणारी गाडी, वाट दाखवणारा जाणकार, नाश्ता, आणि किनाऱ्यावर भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ठरवलेली दुसरी फेरी. मुक्कामाचे गिऱ्हाईक मिळेल ते दुसऱ्या रस्त्याने. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर ११३ वर्षे कोणाला दिसले नव्हते. १९९७ मध्ये शहाद्याजवळ ते पुन्हा सापडले आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यात, म्हणजे मुंबईच्या उंबरठ्यावर, त्याची नोंद झाली. तेव्हापासून विमानाने मुंबईत उतरणारे देशी-परदेशी पक्षिनिरीक्षक तानसाकडे जातात. शिरसाड फाट्यावरून पारोळ, उसगाव, वज्रेश्वरी असा रस्ता त्याच दिशेला जातो. अशा पाहुण्याला एक-दोन रात्रींचा साधा, विश्वासाचा मुक्काम लागतो. गिऱ्हाईक थोडे आहे, पण ते भाव करीत बसत नाही; वेळेवर गाडी आली नाही तर मात्र माफ करीत नाही.

जमीन घेण्याआधी

आता कायद्याकडे येऊ, कारण बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात.

'स्वतःचे जंगल राखू आणि त्यात निवास काढू' हे इतर देशांत जितके सोपे आहे तितके महाराष्ट्रात नाही. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातील खाजगी वने शासनाकडे आली. सातबाऱ्यावर मालकाचे नाव दिसत असले तरी 'इतर हक्क' या रकान्यात वनाची नोंद किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ चा उल्लेख असेल तर ती जागा बांधकामासाठी घेणे म्हणजे भांडण विकत घेणे होय. दुसरे, आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ मधील परवानगीवाचून घेता येत नाही. वसई तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, हे शहरात राहणाऱ्या आपल्या अनेकांच्या ध्यानातही नसते. मुखत्यारपत्र, साठेखत, 'पंधरा वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घ्या' असल्या आडवाटा दलाल सुचवतील. त्यात पैसे जातात आणि एका गरीब कुटुंबाची जमीनही जाते. तिसरे, शेतजमीन घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो किंवा कूळकायद्याच्या कलम ६३ खाली परवानगी लागते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अभयारण्यांभोवती पर्यावरण-संवेदनशील पट्टा घोषित होतो. अशा अधिसूचनांत एक नेहमीचे कलम असते : अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत, किंवा पट्टा जिथवर असेल तिथवर, नवी व्यापारी हॉटेले व रिसॉर्ट यांना परवानगी नाही; अपवाद फक्त निसर्ग पर्यटनाच्या लहान तात्पुरत्या बांधकामांचा. म्हणजे 'जंगलाला लागून' हा फलकावरचा जो गुण, तोच कायद्याच्या दृष्टीने दोष ठरू शकतो. जागा जितकी जंगलाला चिकटून, तितका भाव चढा आणि तितकी परवानगी अवघड. इसार देण्यापूर्वी तुंगारेश्वरची अधिसूचना व नकाशा वन विभागाच्या कार्यालयात पाहून घ्यावा, आणि गट नंबर स्वतः ताडून पाहावा. दलालाच्या फोटोकॉपीवर विसंबू नये.

राखीव जंगलाची इच्छाच असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने 'सामुदायिक राखीव क्षेत्र' ही सोय आली आहे. अभयारण्याबाहेरची खाजगी किंवा गावाची जमीन मालकाच्या स्वेच्छेने असे क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकते. पण एकदा घोषित झाल्यावर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शासनाची मंजुरी यांवाचून जमिनीचा वापर बदलता येत नाही. मुलांनी पुढे प्लॉट पाडून विकायचे ठरवले तर ते होणार नाही. हे समजून-उमजून करायचे काम आहे.

आकडे मांडून पाहू

समजा, कायद्यातून सुटणारी जागा मिळाली आणि ती आधीच तुमची आहे. चार खोल्या, स्वयंपाकघर, पाणी, वीज यांवर ४० लाख रुपये खर्च केले. खरा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे २१ आठवडे. दर आठवड्याला शुक्रवार-शनिवार या दोन रात्री चारही खोल्या भरल्या तर १६८ खोली-रात्री झाल्या. उरलेल्या पाच रात्री एकेक खोली गेली तर १०५. एकूण २७३. वर्षभरात चार खोल्यांच्या १,४६० खोली-रात्री असतात. त्यांचा हा पाचव्या हिश्शाहूनही कमी भाग. जेवणासह ३,५०० रुपये दर धरला तर उत्पन्न ९,५५,५०० रुपये. निम्मा खर्च शिधा, पगार, धुलाई, वीज आणि बुकिंगच्या दलालीत जातो असे धरू, आणि हे आम्ही हात राखून धरले आहे, कारण स्वयंपाकी व राखणदार यांना बाराही महिने पगार द्यावा लागतो. शिल्लक ४,७७,७५०.

आता ४० लाख कर्जाऊ असतील आणि व्याज दहा टक्के असेल तर ४ लाख व्याजातच गेले. हातात उरले ७७,७५०, म्हणजे महिन्याला साडेसहा हजार, मुद्दल तसेच. आपल्यापैकी अनेक बांधव व्याजी कर्जाच्या वाटेला जात नाहीत. या धंद्यात तो नियम नुसत्या वहीखात्यानेही बरोबर ठरतो. कर्ज काढले की ते फेडण्यासाठी पावसाळ्यात खोल्या पार्ट्यांना द्याव्या लागतात, पार्टी आली की स्पीकर येतो, आणि ज्याच्यासाठी सारे उभारले तो पाहुणा निघून जातो. नफा-तोट्यात वाटेकरी होणारी भागीदारी इथे जास्त सोयीची, कारण या धंद्याला वाईट वर्षे येतातच. त्रिनिदाद बेटावरचे 'एसा राइट निसर्ग केंद्र' १९६७ पासून नावाजलेले. कोरोनाच्या काळात पाहुणे थांबले आणि २०२१ मध्ये त्यांनाही कामगार कमी करावे लागले.

आमच्या वाचकाला आम्ही हेच आकडे लिहून दिले. जमीन घेऊ नका, असेही सांगितले.

कमी भांडवलात काय करता येईल?

अर्नाळा, राजोडी, भुईगाव, निर्मळ या भागात ज्यांची स्वतःची घरे आहेत त्यांनी एक-दोन खोल्या नीट करून राज्याच्या निवास व न्याहारी योजनेची चौकशी करावी. शेती असेल त्यांच्यासाठी राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे. केळीच्या बागा आणि पानवेली हे वसईचे जुने वैभव. बागेतल्या घरात राहायला शहरातला माणूस हौसेने येतो. ताटात सुकेळी आणि ताजी मासळी असली की त्याला आणखी काही लागत नाही. पक्षिनिरीक्षकांत शाकाहारी मंडळी बरीच असतात, तेव्हा भांडी वेगळी ठेवून तसे आधीच सांगावे.

गाडीवाल्यांना यात सर्वांत लवकर काम मिळते. पहाटे साडेचारला न चुकता हजर होणारा, जंगलाच्या वाटेवर हॉर्न न वाजवणारा आणि रेडिओ बंद ठेवणारा चालक पक्षिनिरीक्षकांत तोंडोतोंडी प्रसिद्ध होतो. शिंपीकाम करणाऱ्यांनी खाकी-हिरव्या रंगाची अनेक खिशांची जाकिटे, कॅमेरा टेकवायला तांदूळ किंवा मक्याचे दाणे भरायच्या कापडी पिशव्या, लपून बसायचे जाळीचे पडदे शिवून पाहावेत. शहरातल्या दुकानांत ही वस्तू महाग मिळते. कुंभाराचे उथळ पसरट कुंडे आणि त्यावर टांगलेले, बुडाला बारीक भोक पाडून वात घातलेले मडके, यातून थेंब थेंब पाणी पडते. फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत त्या थेंबांच्या आवाजाला पक्षी येतात. पाणी बोटभरच खोल असावे, रोज बदलावे, कुंडे घासावे, मांजरे दूर ठेवावीत. उत्तराखंडात सातताल परिसरात लोकांनी अशाच लपणी बांधून फोटोग्राफरांकडून माणशी पैसे घ्यायला सुरुवात केली. ज्यांची वाडी आहे त्यांनी उंबर, पांगारा, काटेसावर लावावी. उंबर पिकला की धनेश आणि हरियाल आपोआप येतात.

आणि वाटाड्या? इथे आपल्याला आपली मर्यादा ओळखावी लागेल. तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यांवरचा वारली किंवा मल्हार कोळी तरुण घुबड दिवसा कोणत्या झाडात बसते ते सांगतो, ते बाहेरच्याला दहा वर्षांत कळणार नाही. किनाऱ्यावर कोळी बांधवांचे तसेच. त्यांना मजूर म्हणून घेण्यापेक्षा वाटेकरी करून घ्यावे; फेरीमागे ठरलेला हिस्सा द्यावा आणि तो त्याच दिवशी द्यावा. ठाणे खाडीत रोहित पाहायला जाणाऱ्या बोटींचा धंदा खाडीची माहिती असणाऱ्या नावाड्यांवरच उभा आहे. त्या खाडीतील रोहित अभयारण्य २०१५ मध्ये झाले आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तोवर नावाडी तिथेच होते.

व्यापारी घराण्यातले पक्षितज्ज्ञ

पक्ष्यांचा नाद हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे आपल्यात अजूनही बोलले जाते. डॉ. सालिम अली हे मुंबईच्या सुलेमानी बोहरा व्यापारी घराण्यातले. जन्म १८९६. तरुणपणी ते ब्रह्मदेशात तवोय येथे घरचा वुल्फ्रॅमच्या खाणीचा व लाकडाचा धंदा सांभाळायला गेले. परत येऊन दावर कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेब शिकले. धंदा शेवटी बुडाला. पक्ष्यांवर पोट भरेल अशी नोकरीही फार काळ टिकली नाही, तेव्हा १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला सासरच्या घरी राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, ज्याने त्यांचे नाव जगात गेले. पुढे संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनी खर्च भागला तर मेहनताना नको या बोलीवर केली. त्यांचेच नातेवाईक हुमायून अब्दुलअली हे तर अखेरपर्यंत व्यापारी. मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्यामागे त्यांची मेहनत होती. हिशेबाची वही आणि दुर्बीण एका घरात नांदू शकतात.

भुईगाव-गासकडची पाणथळ जागा भरावाने बुजली, मिठागरांवर इमारती आल्या, की वर सांगितलेला एकही धंदा उरणार नाही. दुकानातला माल संपला तर नवा भरता येतो. हा माल भरता येत नाही. म्हणून या व्यवसायात उतरणाऱ्याने रात्री भराव टाकणाऱ्या डंपरची तक्रार तहसीलदाराकडे लेखी करणे हाही दुकान सांभाळण्याचाच भाग धरावा.

ज्यांना अजमावून पाहायचे असेल त्यांनी येत्या ऑक्टोबरपासून सुरुवात करावी. भांडवल म्हणून एक बरी दुर्बीण, मराठी नावांचे पक्ष्यांचे पुस्तक आणि एक वही पुरे. दर रविवारी पहाटे एकाच वाटेवर, शक्यतो पाड्यावरच्या एखाद्या तरुणाला सोबत घेऊन जावे. तारीख, वेळ, ओहोटीची वेळ आणि दिसलेले पक्षी लिहावेत. मार्चअखेर वहीत वीस-बावीस रविवार जमतील. कोणत्या महिन्यात पाहुण्याला काय दाखवता येते, याचे उत्तर तोवर तुमच्या हाती असेल, आणि प्लॉटचा भाव सांगायला दलाल पुन्हा आलाच तर त्याला विचारायचे प्रश्नही.